लार्च बोन्साय: हिवाळ्यात सगळी पानं गळलेलं झाड मेलंय की झोपलंय?

युरोपात ऑक्टोबर संपत आला की लार्चची झाडं पिवळी पडायला लागतात. आधी फिकट पिवळी, मग सोनेरी आणि काही आठवड्यांत सगळी पानं जमिनीवर. आल्प्सच्या उतारांवर हा रंग पाहायला लोक मुद्दाम जातात. पण हेच झाड गॅलरीतल्या वीतभर कुंडीत असेल, तर ते सांभाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

कारण लार्च हा पाइन आणि देवदाराच्या कुळातला. या कुळातली झाडं बारमाही हिरवी असतात, हे शाळेच्या पुस्तकापासून डोक्यात बसलेलं असतं. मग पानं गळाली म्हणजे झाड गेलं, असं समजून कुणी ते टाकून देतं. कुणी थंडी बाधली असेल म्हणून मायेपोटी ते घरात, हीटरच्या जवळ आणून ठेवतं. पहिल्या घरात जिवंत झाड कचऱ्यात जातं. दुसऱ्या घरात ते सावकाश मरतं.

लार्चचा बोन्साय टिकणार की जाणार, हे बहुतेक वेळा त्याच्या बोडक्या महिन्यांत ठरतं. त्या काळात त्याला काय हवं असतं, काय नको असतं आणि त्याची महत्त्वाची कामं नेमकी तेव्हाच का उरकायची असतात, हे समजून घेऊ. महाराष्ट्रातल्या गच्चीवर तो जगेल का, हेही पाहू.

सूचिपर्णी, तरीही पानझडी?

'पानझडी' हा शब्द आपल्याला जंगलांमुळे माहीत असतो. साग, पळस, पांगारा, काटेसावर ही आपल्याकडची पानझडी झाडं. दारातला चाफा हिवाळ्यात बोडका होतो, तेव्हा त्याला कुणी मेलेला समजत नाही. ऊन वाढलं की तो पुन्हा फुटणार, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

सूचिपर्णी झाडांबद्दल मात्र आपली समजूत वेगळी असते. पाइन, देवदार, फर, स्प्रूस, जुनिपर या झाडांची पानं सुईसारखी किंवा खवल्यांसारखी असतात. त्यांच्यावर मेणाचा थर असतो आणि एकेक पान काही वर्षं फांदीवर टिकतं. जुनी पानं थोडी थोडी गळत राहतात, पण झाड कधी पूर्ण रिकामं होत नाही.

या नियमाला जगात मोजकेच अपवाद आहेत. लार्च, गोल्डन लार्च, डॉन रेडवूड, बाल्ड सायप्रस आणि चायनीज स्वॅम्प सायप्रस ही त्यातली मुख्य नावं. गिंकोसुद्धा दर हिवाळ्यात पानं गाळतो आणि अनेकदा याच यादीत घातला जातो. पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो सूचिपर्णी नाही, त्याचा वंशच वेगळा आहे.

युरोप आणि उत्तर अमेरिकेत बोन्साय करणाऱ्यांमध्ये या यादीतला लार्च विशेष लोकप्रिय आहे. आल्प्स आणि कार्पेथियन पर्वतांतला युरोपीय लार्च, जपानच्या होन्शू बेटावरच्या डोंगरांतला जपानी लार्च आणि उत्तर अमेरिकेतला टॅमरॅक हे त्याचे नेहमी दिसणारे प्रकार. जपानी भाषेत त्याला 'कारामात्सु' म्हणतात. हे नाव लिहिण्याच्या एका पद्धतीत 'पानं गाळणारा पाइन' अशा अर्थाची चिन्हं वापरली जातात. म्हणजे झाडाचा स्वभाव त्याच्या नावातच लिहिलेला आहे.

पानं गाळून झाडाला काय मिळतं?

लार्च जिथला आहे, तिथे हिवाळा म्हणजे पाण्याचा दुष्काळ. जमिनीत पाणी असतं, पण ते गोठलेलं. मुळांना ते ओढता येत नाही. अशा वेळी फांदीवर पानं असली, तर वारा त्यांच्यातलं पाणी पळवत राहतो. पाइन किंवा स्प्रूस यावर जाड, मेणचट, टिकाऊ पानांचा उपाय करतात. लार्चने वेगळा मार्ग धरला आहे. तो दरवर्षी पातळ, मऊ, 'स्वस्तातली' पानं तयार करतो, उन्हाळ्यात त्यांच्याकडून भरपूर काम करून घेतो आणि थंडीआधी टाकून देतो.

टाकण्याआधी तो पानांतलं बरंचसं नत्र परत खोडाफांद्यांमध्ये ओढून घेतो. हिरवा रंग नाहीसा होतो आणि पानात आधीपासून असलेला पिवळा रंग दिसायला लागतो. पानगळीतलं ते सोनेरी रूप म्हणजे झाडाने घर आवरायला घेतल्याची खूण.

हा मार्ग किती यशस्वी आहे, हे सायबेरियात दिसतं. याकुतिया भागात हिवाळ्यात तापमान उणे ५० अंशांच्याही खाली जातं आणि तिथल्या जंगलांमध्ये लार्चचंच राज्य आहे. रशियातल्या तैमिर द्वीपकल्पावरचं आरी-मास हे साधारण ७२ अंश उत्तर अक्षांशावरचं जंगल जगातल्या सर्वात उत्तरेकडच्या जंगलांपैकी एक मानलं जातं. तेही लार्चचंच आहे.

असं झाड थंडीला घाबरत नाही. कुंडीत लावल्यावर त्याचं गणित थोडं बदलतं, पण ते पुढे पाहू.

मेलंय की झोपलंय, हे कसं ओळखायचं?

यासाठी तीन खुणा पाहायच्या.

पहिली खूण पानांची. नैसर्गिक पानगळीत सगळं झाड साधारण एकाच वेळी, एकसारखं पिवळं होतं आणि हात लावला की पानं सहज सुटून येतात. झाड पाण्याअभावी किंवा मुळं सडून वाळलं असेल, तर पानं तपकिरी आणि कडक होतात आणि बऱ्याचदा फांदीलाच चिकटून राहतात. पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. मेलेल्या फांदीला तेही जमत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पानं तपकिरी व्हायला लागली, तर ती पानगळ नव्हे, धोक्याची सूचना आहे.

दुसरी खूण डोळ्यांची. फांदीवर जिथून नवी पालवी फुटते, त्या फुगीर जागेला आपल्याकडे द्राक्ष बागायतदार आणि गुलाब लावणारे 'डोळा' म्हणतात. लार्चच्या फांदीवर अशा छोट्या गाठी ओळीने दिसतात. युरोपीय लार्चमध्ये एकेका गाठीतून साधारण ३० ते ४० पानांचा गुच्छ फुटतो. हिवाळ्यात या गाठी टणक आणि भरीव लागल्या, तर झाड ठीक आहे. बोटांत धरताच चुरा झाला, तर ती फांदी गेली.

तिसरी खूण सालीखालची. एखाद्या बारीक फांदीची साल नखाने अगदी जराशी खरवडायची. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. कोरडा, तपकिरी थर दिसला तर आणखी खाली, खोडाकडे सरकत पाहायचं. शेंडा वाळला म्हणजे सगळं झाड गेलं, असं नसतं.

घरात आणायचं नाही, ते का?

लार्चचे डोळे शरद ऋतूत तयार होतात आणि मग झोपी जातात. त्यांना जागं होण्यासाठी फक्त ऊब पुरत नाही. आधी पुरेशी थंडी मिळावी लागते. अनेक आठवडे तापमान गोठणबिंदूच्या वर-खाली राहिलं, की झाडाच्या आतली मोजणी पूर्ण होते. त्यानंतर ऊब आली, की डोळे फुटतात. डिसेंबरमधल्या एखाद्या उबदार आठवड्याला फसून पालवी फुटू नये आणि पुढच्या गोठवणाऱ्या रात्रीत ती जळू नये, यासाठी केलेली ही व्यवस्था आहे.

हेच झाड २० अंशांच्या दिवाणखान्यात ठेवलं, तर ही मोजणी पूर्णच होत नाही. मग एकतर वसंतात डोळे फुटत नाहीत किंवा अर्धवट, फिक्या, लांबट फुटव्यांवर झाड आपला साठा उधळून बसतं. एखादं वर्ष ते तग धरतं आणि मग जातं. हे इतकं सावकाश होतं, की चूक नेमकी कुठे झाली हे लक्षातही येत नाही.

म्हणून नियम सोपा आहे: लार्च बोन्साय बाराही महिने घराबाहेर. जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये लार्च आला, तर त्याची जागा टीव्हीशेजारी किंवा देवघराजवळच्या कोनाड्यात नाही. ती बाल्कनीत किंवा अंगणात आहे. पाहुण्यांना दाखवायला एखादा दिवस आत आणायला हरकत नाही, पण मुक्काम बाहेरच.

मग कुंडीतल्या मुळांचं काय?

जमिनीतल्या झाडाची मुळं मातीच्या आणि बर्फाच्या दुलईखाली असतात. हवा उणे २० अंश असली, तरी जमिनीच्या आत तेवढी थंडी पोहोचत नाही. बोन्सायच्या उथळ कुंडीत ती दुलई नसते. चारही बाजूंनी गार वारा लागतो. झाडाची मुळं फांद्यांइतकी काटक नसतात, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत खरा धोका मुळांना असतो.

उपाय अवघड नाहीत. कुंडी मांडणीवरून उतरवून जमिनीवर ठेवायची. भोवती वाळलेली पानं, सालीचे तुकडे किंवा पेंढा भरायचा. वारा अडेल असा भिंतीचा आडोसा बघायचा. तापमान उणे १० अंशांच्या खाली जाणार असेल, तर झाड हीटर नसलेल्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये हलवायचं. पानं नसल्यामुळे तिथल्या अंधाराचा या काळात त्रास होत नाही. जागा गार मात्र राहायला हवी.

पाण्याचंही भान ठेवावं लागतं. बोडकं झाड पाणी कमी पितं, पण अजिबात पीत नाही असं नाही. माती पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही. उलट सततच्या पावसात कुंडीत पाणी साचून राहिलं तर मुळं सडतात. अशा वेळी कुंडीच्या एका बाजूला लाकडाचा तुकडा सरकवून ती जराशी तिरकी ठेवली, तरी निचरा सुधारतो.

कुंडी बदलण्याचा मुहूर्त

बोडका काळ हा झाडाच्या विश्रांतीचा असला, तरी बोन्साय करणाऱ्याच्या सुट्टीचा नाही. लार्चची बहुतेक मोठी कामं याच काळाच्या शेवटच्या टप्प्यात करायची असतात.

त्यातलं सर्वात नाजूक काम म्हणजे कुंडी बदलणं. लहान, वाढत्या झाडाची कुंडी दोन-तीन वर्षांनी आणि जुन्या, घडलेल्या झाडाची तीन ते पाच वर्षांनी बदलतात. कॅलेंडरपेक्षा झाडाकडे पाहणं महत्त्वाचं. वसंताच्या सुरुवातीला डोळे फुगतात आणि त्यांच्या टोकाला हिरवा ठिपका दिसायला लागतो. हाच मुहूर्त. युरोपात हवामानानुसार तो फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत कधीही येतो आणि फार दिवस थांबत नाही. पानांचे गुच्छ पूर्ण उघडल्यावर मुळं कापली, तर वरची पानं पाणी मागतात आणि खाली ते ओढायला मुळं नसतात. तसं झालं असेल, तर मोह आवरून ते काम पुढच्या वर्षावर टाकणंच शहाणपणाचं.

मुळं कापताना एका वेळी साधारण एक तृतीयांशाहून जास्त काढत नाहीत. मुळांवरची सगळी माती धुऊन टाकणंही टाळतात. लार्चच्या मुळांशी काही बुरशींची मैत्री असते. जंगलात लार्चखाली उगवणारी पिवळसर-केशरी छत्री ही त्यातलीच एका बुरशीची. ही बुरशी झाडाला पाणी आणि खनिजं मिळवून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. मुळांवर दिसणारा पांढरा जाळीदार थर अनेकदा हाच असतो. त्याला रोग समजून खरवडू नये. जुन्या मातीचा थोडा भाग नव्या कुंडीत गेला, तर हे नातंही सोबत जातं.

मातीचं मिश्रण पाणी धरणारं, पण निचरा होणारं हवं. बोन्साय करणारे त्यासाठी आकादामा ही जपानी दाणेदार माती, प्युमिस आणि लाव्हाचे बारीक खडे एकत्र करतात. कुंडी बदलल्यावर काही आठवडे झाडाला पाळ्यापासून, म्हणजे गोठवणाऱ्या रात्रींपासून जपावं लागतं. वर्षभर थंडी सोसणारं झाड या दिवसांत मात्र हळवं असतं, कारण ताज्या कापलेल्या मुळांना ती सोसत नाही.

तार आणि कात्री कधी चालवायची?

बोडक्या झाडाचा सगळा सांगाडा डोळ्यांसमोर असतो. कोणती फांदी दुसरीला छेदते, कोणती सरळ वर पळते, कोणती काढायला हवी, हे पानांच्या गर्दीत कळत नाही. त्यामुळे मोठी छाटणी आणि तार गुंडाळण्याचं काम हिवाळ्याच्या अखेरीस, डोळे फुगण्याआधी करतात. फुगलेले डोळे जरा धक्का लागला तरी तुटून पडतात आणि प्रत्येक तुटलेल्या डोळ्याबरोबर एक गुच्छ कमी होतो. कडक गोठलेल्या दिवशीही फांद्या वाकवू नयेत, त्या मोडतात.

तारेने फांदीला कुठे वळवायचं? जंगलातल्या लहान लार्चच्या फांद्या वर झेपावतात. जुन्या झाडाच्या फांद्या वर्षानुवर्षांच्या वजनाने खाली झुकलेल्या असतात. बोन्सायमध्ये वय दाखवायचं असतं, म्हणून फांद्या आडव्या किंवा किंचित खाली उतरत्या केल्या जातात. लार्चच्या फांद्या लवचिक असतात आणि दिलेला आकार लवकर धरतात.

पण त्या तितक्याच वेगाने जाडही होतात. मार्चमध्ये सैल वाटणारी तार जुलैपर्यंत सालीत रुतू शकते आणि तिचे वळ वर्षानुवर्षं जात नाहीत. म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला तारेवर नजर टाकायची. रुतायला लागली तर ती उलगडत न बसता छोट्या पकडीने जागोजागी कापून काढायची.

उन्हाळ्यातली छाटणी वेगळी, हलक्या हाताची. नवे फुटवे काही सेंटिमीटर लांब झाले, की तळाशी दोन-तीन गुच्छ ठेवून शेंडा खुडतात किंवा कात्रीने कापतात. लार्चचा सगळा जोर शेंड्याकडे असतो. त्यामुळे वरचा भाग जास्त छाटायचा आणि खालच्या फांद्यांना जरा मोकळीक द्यायची, नाहीतर त्या अशक्त होऊन वाळतात. कात्री दोन गुच्छांच्या मधून चालवायची. पानांमधून गेली, तर कापलेली टोकं तपकिरी पडतात आणि झाड आजारी दिसतं.

उन्हाळा: पाण्यात हात आखडता नको

पालवी फुटल्यापासून पानगळीपर्यंत लार्चला भरपूर ऊन आणि भरपूर पाणी लागतं. त्याची पानं पातळ असल्यामुळे जुनिपरसारखी कोरड सहन करणं त्याला जमत नाही. उन्हाळ्यात रोज पाणी, आणि कडक उन्हाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ. कुंडीच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं. कोवळे शेंडे मान टाकायला लागले, तर उशीर होत चाललाय असं समजावं.

ऊन चांगलं, पण उन्हाने तापलेली कुंडी चांगली नाही. लार्च हे थंड डोंगराळ मातीतलं झाड आहे. तापमान तिशीच्या पुढे गेलं, की दुपारी कुंडीवर तरी सावली येईल असं पाहावं.

खत पालवी स्थिरावल्यावर सुरू करायचं. कुंडी बदलली असेल तर किमान महिनाभर थांबायचं. वसंतात जास्त नत्र दिलं तर पानं आणि फुटवे लांबट, भरभरीत होतात आणि लहान झाडाचं प्रमाण बिघडतं. उन्हाळ्याच्या शेवटी कमी नत्राचं खत दिलं, की झाड नव्या वाढीच्या मागे न लागता हिवाळ्याची तयारी करतं.

कापसासारखे ठिपके आणि एक मोठा रोग

फांद्यांवर किंवा पानांवर पांढरे, कापसासारखे पुंजके दिसले, तर तो लार्चवर येणारा माव्याचा जवळचा नातेवाईक असतो. आपल्याकडे जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण पाहिलेल्यांना त्याची कल्पना येईल. बोन्सायचं झाड लहान असल्यामुळे सुरुवातीलाच ब्रशने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने तो काढून टाकता येतो. पानांची टोकं आतून पोखरल्यासारखी फिकट दिसली, तर लार्चवरच्या एका बारीक पतंगाच्या अळीचा संशय घ्यावा.

याहून गंभीर आहे तो 'फायटॉफ्थोरा रमोरम' नावाचा रोग. २००९ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्य भागात तो जपानी लार्चवर आढळला आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये तो पसरू नये म्हणून लार्चची मोठी लागवड तोडावी लागली. या रोगाचे बीजाणू ओल्या हवेतून, पाण्यातून आणि मातीतूनही पसरतात. त्यामुळे बागेतला किंवा जंगलातला लार्च खणून आणण्याआधी जमीनमालकाची परवानगी आणि त्या भागातले निर्बंध, दोन्ही तपासावे लागतात. रोपवाटिकेतून निरोगी झाड घेणं हा नवशिक्यासाठी सरळ मार्ग.

इतकी काळजी घेण्यासारखं त्यात आहे तरी काय?

बहुतेक बोन्साय वर्षभर साधारण सारखेच दिसतात. लार्च वर्षात चार वेळा बदलतो. वसंतात पोपटी गुच्छ, उन्हाळ्यात गर्द हिरवळ, शरदात सोनं आणि हिवाळ्यात नुसत्या रेषा. जपानी लार्चच्या कोवळ्या फांद्या तांबूस असतात, युरोपीय लार्चच्या गवती पिवळसर. पानं नसताना तो रंगही उठून दिसतो.

पुरेसं वय झालं, की कुंडीतल्या झाडालाही गुलाबी-लाल मादी फुलोरे येतात आणि त्यांचे छोटे शंकू होतात. हे शंकू अनेक वर्षं फांदीवर राहतात. लहान आकारामुळे ते बोन्सायवर शोभतात, पण फार झाले तर झाड त्यात दमतं, म्हणून काही काढून टाकतात.

शिवाय लार्च लवकर वाढतो आणि सरळ बुंध्याचा असतो. त्यामुळे एकाच पसरट तबकात अनेक झाडं लावून छोटं जंगल उभं करण्यासाठी तो खूप वापरला जातो. जपानी भाषेत या शैलीला 'योसे-उए' म्हणतात. एकेक रोप साधं, काठीसारखं असलं, तरी सात-नऊ रोपांचं मिळून जंगल दिसतं. नवशिक्याला यात फार जुनं, महागडं झाड लागत नाही.

महाराष्ट्रात लार्च जगेल का?

खरं उत्तर: नाही. पुण्यात किंवा नाशिकला हिवाळ्यातल्या काही पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. पण त्याच दिवशी दुपारी तो २८-३० अंशांपर्यंत चढतो. लार्चच्या डोळ्यांना हवी असलेली सलग थंडी त्यातून मिळत नाही. महाबळेश्वरची थंडीही त्याला पुरणारी नाही. फ्रिजमध्ये कुंडी ठेवून ही थंडी देण्याच्या कल्पना सुचवल्या जातात, पण पुढचा एप्रिल-मे त्याच झाडाला सोसायचा असतो.

भारतात लार्च नाही असं मात्र नाही. सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशात हिमालयाच्या उंच भागात 'सिक्कीम लार्च' नैसर्गिकरीत्या वाढतो. त्याच्या फांद्या खाली लोंबणाऱ्या असतात. त्या उंचीवर हिवाळा खरा हिवाळा असतो, म्हणून तो तिथे आहे.

परदेशातून येताना सामानात एखादं रोप किंवा बिया आणण्याचा विचार असेल, तर तोही सोडून द्यावा. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर २००३ नुसार भारतात झाडं आणि लागवडीसाठीचं बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. वर पाहिलेल्या रोगाचं उदाहरण लक्षात घेतलं, तर हा नियम कशासाठी आहे हेही समजतं.

पानं गाळणारं सूचिपर्णी झाडच हवं असेल, तर बाल्ड सायप्रसचा विचार करता येतो. हे अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीतलं झाड. दक्षिण फ्लोरिडाच्या 'बिग सायप्रस' परिसरात हिवाळा सौम्य असतो, तरी तिथेही ते पानं गाळतं आणि पुन्हा फुटतं. उष्णता त्याला चालते आणि पाणी तर इतकं आवडतं, की उन्हाळ्यात त्याची कुंडी पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये ठेवली तरी ते तक्रार करत नाही. हे झाड किती जगू शकतं? उत्तर कॅरोलिना राज्यातल्या ब्लॅक नदीकाठच्या एका बाल्ड सायप्रसचं वय किमान २,६२४ वर्षं असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र त्यालाही दुपारची सावली आणि भरलेला ट्रे लागेल.

आणि पानगळीची गंमतच हवी असेल, तर वड, पिंपळ, उंबर ही आपल्या हवेतली झाडं बोन्सायसाठी आहेतच. पिंपळाची कोवळी, तांबूस पालवी पाहायला आल्प्सला जावं लागत नाही.

लार्चचं वर्ष, थोडक्यात

- फेब्रुवारी ते एप्रिल: डोळे फुगण्याआधी मोठी छाटणी आणि तार. टोकाला हिरवा ठिपका दिसताच कुंडी बदलणं. त्यानंतर पाळ्यापासून बचाव.
- मे ते जुलै: भरपूर ऊन आणि पाणी. पालवी स्थिरावल्यावर खत. फुटव्यांचे शेंडे खुडणं. तार रुततेय का, हे पाहणं.
- ऑगस्ट ते सप्टेंबर: रुतणारी तार काढणं. कमी नत्राचं खत. कडक उन्हात कुंडीवर सावली.
- ऑक्टोबर ते नोव्हेंबर: पानं पिवळी होऊन गळू देणं. मातीवर पडलेली पानं उचलून टाकणं, म्हणजे कीड आणि बुरशीला आसरा मिळत नाही. खत बंद.
- डिसेंबर ते जानेवारी: बाहेरच, पण वाऱ्यापासून आडोशाला. मुळांना पांघरूण. माती किंचित ओली. घरात आणायचं नाही.

हे वेळापत्रक युरोपातल्या समशीतोष्ण हवेचं आहे. जागेनुसार आठवडे पुढे-मागे होतील. नक्की तारीख झाडच सांगतं.

आणि डिसेंबरात कुंडीतली काठी पाहून शंका आलीच, तर टाकण्याआधी नखाने साल जराशी खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं, तर झाडाला फक्त वसंतापर्यंतची मुदत हवी आहे.